भुकटीतला एकटा ठिपका

म्वान्झा,
सोमवार, ११ ऑगस्ट २००८

न्यान्झोबे अक्कास,
धाकट्या वांदेचा गुडघे टेकून नमस्कार.

तू पाठवलेली पुरचुंडी बसच्या कंडक्टरनं बाजारात आणून दिली. मुळांच्या टोपल्यांमधून वाट काढत आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "जिलालाची धाकटी कोण?" दोन वर्षांत कुणी मला तशी हाक मारली नव्हती. मी उठून उभी राहिले. त्या दिवशी एका बाईनं पोटदुखीची साल मागितली असता मी तिला खोकल्याची दिली, आणि ती परत आली तेव्हा भांडायचंही मला सुचलं नाही.

तिकडे कापूस वेचून झाला असेल. घरामागच्या खडकावर रताळ्याच्या फोडी वाळत घातल्या असशील. इथं मिळतात त्या मातकट लागतात. बायका रस्त्याच्या कडेला वाळवतात, त्यांना आपल्यासारखा खडक कुठला? तळ्यावरून वारा येतो. बारीक मासळी स्वस्त आहे. माझी तब्येत ठीक. डोळ्यांना चष्मा लागला, म्हणून अक्षर जरा मोठं काढलंय.

यातलं काही फोनवर बोलण्यासारखं नाही, आणि तुमचा फोन तुझ्या लेकाच्या, शिजाच्या खिशात असतो. पत्र तू स्वतः वाचशील हे मला माहीत आहे. मिशनच्या शाळेत तू शिकलीस, ते तू मला विसरू दिलं नाहीस. औषधाच्या पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्रं तू मोठ्यानं वाचायचीस आणि मी तुझ्या खांद्यामागून बघायचे. "मागं का उभी? अक्षरं खाऊन पोट भरणार आहे का?" म्हणायचीस. भरलं, अक्का. त्यातूनच मी वाचायला शिकले. आता बाजारात गिऱ्हाईक नसलं की हाताला लागेल ते वाचते, अगदी पोत्यावरचं छापीलसुद्धा.

पुढचं वाचायच्या आधी एवढं मनात पक्कं कर. तू रोज सकाळी जी चिमूटभर भुकटी घेतेस, ती एकदम बंद करू नकोस. फेकू नकोस. आणि दुसऱ्या कुणालाही त्यातली देऊ नकोस. तिन्हींची कारणं पुढं सांगते.

तुझी चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. "भुकटी भरलेल्या शेवटच्या भोपळ्याचा तळ दिसू लागलाय. ही त्यातली भुकटी. वास घे, चव घे, आणि तू जे पान लपवून नेलंस त्याचं नाव आता तरी सांग. माझे गुडघे तुझं काय लागतात?" शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं. अगदी तुझा आवाज.

तुझे गुडघे माझं बरंच काही लागतात. त्या गुडघ्यांवर बसून तू माझं पहिलं बाळंतपण केलंस. ते मूल राहिलं नाही, पण तू रात्रंदिवस बसली होतीस.

तर तुझी भुकटी. वास घेतला. तीच पुरचुंडी, तोच धुराचा आणि कडू मुळाचा वास. उघडली तेव्हा आपला धनी दारात सायकल टेकवून उभा आहे असं वाटलं. चवही घेतली. जिभेला काही वेगळं लागलं नाही. मी कुटलेलीच मुळं होती सगळी. ती मुळं मी डोळे मिटूनही ओळखेन, पण त्यात आणखी काय आहे ते माझ्या जिभेला कळेना. म्हणून मी ती आसिम्वेकडे नेली.

आसिम्वे ही बुकोबाकडची मुलगी. इथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. बाजारातली झाडपाल्याची औषधं खरी आहेत की त्यात भेसळ आहे, ते तपासणं हे त्यांचं काम. ती माझ्याकडून मुळं विकत घेते आणि घेताना घासाघीस करून जीव नकोसा करते. मी तिला केळीखाऊ म्हणते; तुम्हा लोकांना शिजवायला केळी आणि बोलायला इंग्रजी मिळालं की झालं. ती म्हणते, "आणि तुम्ही सुकुमा लोक गुरं मोजता मोजता म्हातारे होता." पोर चांगली आहे.

तिच्या टेबलाशी मला बसायला स्टूल आहे. त्या दिवशी गेले तर म्हणाली, "मावशी, आज काय आणलंत? परवा एकीनं कडू साल म्हणून चक्क आंब्याची साल विकली."

"माझ्या टोपलीतली नव्हे ना?"

"तुमच्या टोपलीतली असती तर मी तोंड उघडायची हिंमत केली असती का?"

मी पुरचुंडी पुढं ठेवली आणि सांगितलं की ही माझ्या नवऱ्याच्या हातची भुकटी, आणि ही दुसरी त्याच मुळांची, मी कुटलेली. त्याच्यात एक पान जास्त आहे. ते कुठलं, हे मला हवंय. बाकी काही सांगितलं नाही. चोर ठरून गावाबाहेर पडलेली बाई आहे मी, हे तिला माहीत नव्हतं.

अक्का, ते कसं करतात ते तुला नीट सांगते. कारण मी नुसतं 'तपासलं' असं लिहिलं तर तू म्हणशील, त्या शहरातल्या पोरीनं काहीबाही सांगितलं आणि वांदेनं मान डोलावली.

हाताच्या तळव्याएवढी पट्टी असते. तिच्यावर खडूसारखा पांढरा, पातळ थर. खालच्या कडेजवळ आसिम्वेनं पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. मी म्हटलं, पेनानं मार की, नीट दिसेल. म्हणाली, "शाईसुद्धा चढते, मावशी. मग तीच औषध असल्यासारखी मिरवते." दोन्ही भुकट्या तिनं वेगवेगळ्या स्पिरिटात हलवून गाळल्या. केसासारख्या बारीक नळीनं त्या रेघेवर एकीचा ठिपका, शेजारी दुसरीचा. तळाशी थोडा द्रव असलेल्या बरणीत पट्टी उभी केली आणि झाकण लावलं.

मग नुसतं बघत बसायचं. ओल्या जमिनीवर टेकलेल्या लुगड्याच्या काठातून पाणी कसं वर सरकतं, तसा द्रव त्या पट्टीतून वर चढतो. चढताना ठिपक्यातल्या जिनसांना बरोबर ओढतो. काही जिनसा त्या पांढऱ्या थराला चिकटून खालीच बसतात, काही द्रवाबरोबर वरपर्यंत पळतात. ज्याची त्याची जागा ठरलेली. पट्टी वाळवून जांभळ्या दिव्याखाली धरली की प्रत्येक जिनसेचा वेगळा ठिपका दिसतो; काही काळे, काही निळे चमकणारे.

मी डोक्यावर काळं फडकं घेऊन त्या दिव्याखाली पाहिलं आणि, अक्का, मला रडू आलं. आपला अख्खा संसार तिथं उभा होता. तो खालचा निळा ठिपका टेकडीमागच्या मुळाचा, जे खणताना तुझ्या पायाला विंचू चावला होता. वरचा त्या सालीचा, जी आपण चिंचेखाली बसून सोलायचो आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचो. त्याच्या भुकटीची रांग आणि माझ्या भुकटीची रांग, शेजारी शेजारी. ठिपक्याला ठिपका जुळत होता. मी काहीही वगळलं नव्हतं. मी काहीही चोरलं नव्हतं.

आणि मग त्याच्या रांगेत, मधोमध, एक काळा, गोल ठिपका. माझ्या रांगेत त्या जागी काही नाही.

मी स्टुलावरून उठले. "हेच! हेच ते पान!" असं म्हणून टाळीसुद्धा वाजवली. दोन वर्षं मी ते पान शोधत होते. तुला कुणी सांगितलं नसेल. मुळं आणायच्या निमित्तानं मी कुठल्या कुठल्या टेकड्यांवर गेले, नावं माहीत नसलेली झुडपं चाखली, एकदा तर जीभ सुजून पाणीही गिळवेना. मला ते सापडलं असतं तर मी ते तुमच्या कुंपणाशी आणून ठेवणार होते आणि एक शब्द न बोलता परत जाणार होते. असं मी मनात कितीदा तरी केलं होतं.

आसिम्वे हसली नाही. पट्टी पुन्हा दिव्याखाली धरली, वाकडी करून पाहिली.

"मावशी," ती म्हणाली, "पान असं एकटं येत नाही."

"म्हणजे?"

"पान आलं की हिरवं, पिवळं, कडू, तुरट, सगळं गणगोत बरोबर घेऊन येतं. अख्खी वरात दिसते. हा बघा, एकटाच आलाय. ना कुणी सोयरा, ना संबंधी. इतका स्वच्छ, एकटा ठिपका झाडाकडून येत नाही."

"मग कुठून येतो?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कारखान्यातून."

मी तिला बरंच बोलले. म्हटलं, तुझी बरणी घाण असेल. तुझे हात लागले असतील. हवेत ओल आहे, तूच म्हणतेस ना ओलीनं पट्टी बिघडते? तिनं सगळं ऐकून घेतलं. नवी बरणी घेतली, नवी पट्टी तापवून कोरडी केली, पुन्हा केलं. ठिपका तिथंच.

त्यांच्या कपाटात ओळखीची औषधं असतात. संशय आला की तेच औषध शेजारी साक्षीदार म्हणून चालवायचं. दुसऱ्या दिवशी तिनं तीन-चार चालवून पाहिली. त्यातल्या एकाचा ठिपका आपल्या ठिपक्याच्या बरोबर उंचीला आला. मी म्हटलं, "दोन माणसं एका उंचीची असली म्हणून काय सख्खे भाऊ होतात?"

"नाही होत," ती म्हणाली. "बरोबर बोललात. म्हणून दोघांना एकाच जागी ठेवून चालवू. वेगळे असतील तर वाटेत फुटतील." तिनं आपल्या भुकटीचा थेंब आणि त्या औषधाचा थेंब एकावर एक ठेवले. द्रव बदलून, वेगळ्या वाटेनंही चालवले. मी बरणीसमोर बसून मनात एकच म्हणत होते, फुटा. फुटा रे. एक पुढं जा, एक मागं राहा.

ते फुटले नाहीत. तिच्या वरच्या बाईंनीही पाहिलं, त्यांच्याकडच्या मोठ्या यंत्रावर टाकलं. तेच आलं.

त्या औषधाचं नाव डेक्सामेथासोन. आसिम्वेनं वेगळ्या चिठोऱ्यावर ठळक अक्षरात लिहून दिलंय, या पत्राबरोबर आहे. सूज आणि दुखणं झटक्यात उतरवणारी गोळी असते ती. डॉक्टर लोक जपून, मोजून देतात. आपल्या भुकटीत ती मोजून नव्हती.

मी तिला विचारलं की रोज घेतलं तर काय होतं. ती सांगायला लागली आणि मला वाटलं ती तुला पाहून आलीय. चेहरा गोल होतो. गाल भरतात. मानेमागं, पोटावर मांस चढतं, पण हात-पाय बारीक राहतात. कुठं आपटलं नसताना कातडीवर निळे डाग पडतात. अक्का, तुझे गाल. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, थोरलीला तिच्या नवऱ्याचं औषध लाभलं, बघा कशी भरलीय. गिऱ्हाइकंसुद्धा गोल तोंडं घेऊन यायची आणि तो त्यांना इतरांपुढं उभं करायचा. आपल्याकडे माणूस अंगानं भरला की तो बरा झाला, यापुढं कोण विचारतं? आणि मी जळायचे. मला वाटायचं, तो तुला चोरून तूप देतो. एकदा मी बोललेसुद्धा. तू म्हणालीस, "तूप नाही गं, सुख आहे. तुला पचणार नाही." आठवतं? आपण दिवसभर बोललो नव्हतो.

आता बंद का करायची नाही ते. आसिम्वेनं असं समजावलं की तसलं एक औषध आपलं शरीर स्वतःच थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं की शरीर ते काम सोडून देतं, विसरतं. मग एके दिवशी बाहेरचं थांबलं की शरीराचे हात रिकामे. माणूस गळून जातो, उलट्या होतात, उठवत नाही, साध्या तापानंही जातो.

आठवण झाली ना? त्याच्या पश्चात तुम्ही माझ्याकडून मुळं कुटून घेतलीत, शिजानं पुड्या बांधल्या, आणि पावसाळ्यात एकेक गिऱ्हाईक खाली बसलं. कापसाच्या जिनिंगवरचा म्हातारा मबुला आपल्या दारात नाचून दाखवायचा, तो विहिरीपाशी पडला आणि पुन्हा उठला नाही. लोक म्हणाले, औषध बिघडलं. चिंचेखाली बैठक बसली. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सगळी मुळं हिनं कुटली आणि शेवटचं पान हिनं गिळलं." वडीलधाऱ्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला दाखवलंच नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. मीही तुझ्या जागी ठेवला नसता. धाकटी बायको, रात्रंदिवस मुसळाशी, तिला माहीत नाही म्हणजे काय?

मबुला औषध बिघडलं म्हणून मेला नाही, अक्का. आमच्या पुड्यांत ते नव्हतंच, म्हणून मेला. आणि तू वाचलीस ती कणगीत त्याच्या हातच्या भुकटीचे भोपळे लपवून ठेवलेस म्हणून. ते मी पाहिले होते. बैठकीत बोलले नाही. आता तुझ्या भोपळ्याचा तळ दिसतोय. ज्या दिवशी तो रिकामा होईल त्या दिवशी तुझं काय होईल, हे मला पट्टी पाहिल्यापासून माहीत आहे. म्हणून मी हे पत्र लिहितेय. पान मिळालं नाही आणि मिळणार नाही. पान नव्हतंच.

इथवर लिहून मी पेन ठेवलं होतं. उठून चूल पेटवली, पीठ शिजवलं, खाल्लं नाही.

तू विचारशील, मग ते टाकलं कुणी. तू काय विचारशील, तुला कळलंच असेल. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

मुळं कुटून झाली की तो आपल्या दोघींना बाहेर काढायचा. झोपडीचं दार ओढून घ्यायचा. शेवटचं पान पूर्वजांनी दिलंय, बायकांनी बघायचं नाही, म्हणायचा. आपण बाहेर बसून दाराच्या फटीतून त्याच्या पाठीची सावली भिंतीवर हलताना बघायचो. मला त्याचा अभिमान वाटायचा, अक्का. मलाही दाखवलं नाही याचा जास्त अभिमान वाटायचा. नवस फेडावा तसा तो ते करायचा.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी सायकल काढून शहरात जायचा. पूर्वजांच्या जागी जातो म्हणायचा. येताना पाव आणि केसांना लावायचं तेल. मी म्हणायचे, "याची शहरात तिसरी आहे." तू म्हणायचीस, "तिसरी असती तर तेल आपल्याला कशाला आणलं असतं? तिच्याच डोक्यावर ओतलं असतं." आणि आपण तोंडाला पदर लावून हसायचो, तो आतून खाकरेपर्यंत.

आज वाटतं, तिसरीच असती तर किती बरं झालं असतं. आपण तिला शिव्या दिल्या असत्या आणि मग मयताला बोलावलं असतं.

मी खूप आठवून पाहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचं औषध हळू लागू पडायचं. लोक महिनाभर घ्यायचे, थोडं बरं वाटायचं, कुरकुर करायचे. मग एका वर्षी ते एकदम झटक्यात लागू पडायला लागलं. दारात बैलगाड्या लागल्या. आपण म्हटलं, पूर्वज प्रसन्न झाले. त्या वर्षी त्याला शहरात कुणी तरी भेटलं असेल. कुणी तरी पांढऱ्या गोळ्यांची पिशवी हातात ठेवून म्हटलं असेल, थोडी टाकून बघ. सुरुवातीला थोडीच टाकली असेल.

एक गोष्ट मी धरून बसलेय. तुलाही तेवढीच देऊ शकते. ती भुकटी त्यानं तुला दिली. रोज, स्वतःच्या हातानं, तुझ्या गुडघ्यांसाठी. ज्याला माहीत असतं की हे माणसाला आतून पोकळ करतं, तो ते आपल्या थोरलीला देत नाही. त्याला वाटलं असेल, हे फक्त लौकर बरं करतं. खोटं बोलतोय हे त्याला माहीत होतं. मारतोय हे माहीत नसावं. मला असं वाटतं. विचारायला तो नाही. कापसाच्या लॉरीनं त्याला उडवलं तेव्हा सांगायलासुद्धा वेळ दिला नाही, आणि दिला असता तर त्यानं सांगितलं असतं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. रोज एकदा ठरवते आणि संध्याकाळपर्यंत बदलते.

दोन वर्षं मला वाटत होतं की एक दिवस माझी चोरी खोटी ठरेल आणि माझी मान ताठ होईल. ठरली खोटी. मान काही ताठ झाली नाही. त्या दिवशी प्रयोगशाळेतून घरी येताना मी रस्त्याच्या कडेकडेनं चालत होते, जसं काही मीच केलंय.

आता एक सांगते, ते वाचून रागावू नकोस. याआधी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की ती पांढरी पूड मीच टाकायचे, त्याच्या नकळत. गाव मला चोर म्हणतंच आहे, त्यात आणखी एक भर. तू रुग्णालयात गेली असतीस, वाचली असतीस, आणि त्याच्या थडग्यापाशी लोक वाकत राहिले असते. मला ते पत्र सोपं गेलं. एका बैठकीत लिहून झालं.

पाकीट घेऊन आसिम्वेकडे गेले, कारण चिठोरा तिच्याकडून घ्यायचा होता. तिनं विचारलं, काय लिहिलंत? मी वाचून दाखवलं. तिनं चिठोरा हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "आणि त्यांचा मुलगा? तो काय करेल?"

"शिजा? तो काय करणार?"

"ते पान शोधत राहील, मावशी. तुम्ही शोधलंत तसं. वडील खरे, पान खरं, फक्त धाकट्या आईनं घोटाळा केला, असंच त्याला वाटणार ना? आणि शोधता शोधता एक दिवस त्यालाही शहरात तो माणूस भेटेल."

मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय, तुझं लग्न झालेलं नाही. ती म्हणाली, "नाही झालं. पण मी पट्टी खोटी वाचत नाही." मग मला पाणी दिलं. माझा हात धरून बसली. पहिलं पत्र मी तिथंच फाडलं.

म्हणून हे दुसरं. यात मी जे पाहिलं तेच आहे.

शिजाला मी काही लिहिलेलं नाही. तो वाईट मुलगा नाही. त्याला तू सांग, तुझ्या वेळेनं. मुळं खोटी नाहीत, हेही सांग. ती हळू काम करतात, पण करतात; आसिम्वेच्या वरच्या बाईंनी त्यातल्या दोन मुळांबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारलंय. नुसत्या मुळांवर गाड्या लागणार नाहीत दारात. त्याला चालेल का, ते त्यानं ठरवावं.

आता आपलं. हे पत्र उद्या त्याच कंडक्टरच्या हाती देते. ते तुझ्याच हाती द्यायचं असं त्याला बजावलंय. शनिवारी पहिल्या बसनं मी येते. मला सिसलच्या काटेरी कुंपणाच्या आत पाय ठेवायची बंदी आहे, माहीत आहे. तुला चालवत असेल तर फाट्यापर्यंत ये, भोपळा बरोबर घेऊन. चालवत नसेल तर मी आत येईन. चिंचेखाली जे बसलेले असतील ते बघतील. बघू देत. ओरडले तर तू ओसरीवरून ओरड, तुझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा आहे. तिथून आपण मिशनच्या रुग्णालयात जाऊ. तिथल्या डॉक्टरला आसिम्वेच्या बाईंनी फोन केलाय. ते हळूहळू, कमी कमी करत ते औषध सोडवतात, असं म्हणाले. दिवस लागतील. मी राहीन तुझ्याजवळ. टोपल्या शेजारणीवर सोपवल्यात.

एकच मागते. डॉक्टर विचारेल, हे औषध तुम्हाला कुणी दिलं. लिहून घेणार तो, आणि ते गावातल्या बाकीच्यांपर्यंत पोचायला हवं. अजून कुणाकुणाच्या घरात जुन्या पुड्या असतील. मी वाटेत तोंडानं म्हणून बघते, बाजारात एकटी असताना म्हणून बघते, आणि नावापाशी येऊन माझा आवाज बसतो. हे सबंध पत्र बघ, मी त्याचं नाव माझ्या तोंडून एकदाही घेतलेलं नाही.

तू माझ्या शेजारी उभी राहा. डॉक्टरनं विचारलं की आपण दोघींनी एकदमच सांगू. म्हणजे ते एकट्या थोरलीनंही सांगितलं नाही, एकट्या धाकटीनंही नाही.

शनिवारी फाट्यावर,
तुझी
वांदे